‘या’ म्हणणारा खोका

“ताई, आम्ही तुमच्या खोक्यातून ‘ये गो बाळा’ म्हटलं, तर पिल्लू आपल्या आईला सोडून आमच्याकडे येईल?”

किमया मोंडकरने उभं राहून हे विचारलं आणि खारवेळच्या हायस्कुलातला नववी ‘ब’चा अख्खा वर्ग फिस्सकन हसला. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. मागच्या बाकावरून ओवी आणि मनवा दहा मिनिटं तिच्या पाठीत पेन टोचत होत्या. “विचार ना! घाबरलीस? विचारलंस तर उद्याची माझी कोलंबीची भजी तुझी.” कोलंबीची भजी हा काही साधासुधा मामला नव्हता. शिवाय गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, त्या किमयाला यंदा अचानक शोध लागला होता की आपल्याला आवाज आहे. नवी सायकल मिळालेलं पोर जसं विनाकारण घंटी वाजवत गावभर हिंडतं, तशी ती तो आवाज जिथे तिथे वाजवत हिंडत होती.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या नूपुर आठल्ये मात्र हसल्या नाहीत. त्या पक्ष्यांच्या शास्त्रज्ञ. चार वर्षांपासून ह्या किनाऱ्यावर काम करत होत्या आणि गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना ‘ताई’ म्हणायची. त्यांच्या हातात नारळाच्या करवंटीएवढा, वाळूच्या रंगाचा एक खोका होता.

“येईल,” त्या म्हणाल्या. “आणि म्हणूनच पिल्लांना बोलवायचं बटण मी वाटेल त्याच्या हातात देत नाही. का, ते सांगते.”

मग त्यांनी चिखल्याची गोष्ट सांगितली. चिखल्या म्हणजे मुठीत मावेल एवढा किनाऱ्यावरचा पक्षी. तो घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. भरतीच्या रेषेच्या वर, उघड्या वाळूत टाचेएवढा खळगा करतो आणि त्यात तीन अंडी घालतो. त्यांचा रंग असा, की शेजारी बसून तुम्ही डबा खाल आणि उठताना त्यांच्यावरच पाय द्याल. पिल्लू बाहेर आलं की दोन-तीन तासांत चालायला लागतं आणि आपलं आपण टिपून खातं. आईबाप भरवत नाहीत. ते राखण करतात, पंखाखाली ऊब देतात, आणि बोलतात.

“त्यांच्याकडे पिल्लांसाठी दोन शब्द असतात,” ताई म्हणाल्या. “एक ‘दबा’. तो कानावर पडला की पिल्लू असेल तिथे वाळूला चिकटतं. दुसरा ‘या’. तो ऐकला की धावत पंखाखाली. महिनाभर, उडता येईपर्यंत, त्याचा सगळा जीव ह्या दोन शब्दांवर. आणि हे शब्द ते अंड्यातच शिकतं बरं का! फुटायच्या दोन-तीन दिवस आधी पिल्लू आतून आवाज करतं आणि आई बाहेरून उत्तर देते.”

मागच्या बाकावर ओवीनेही पेन खाली ठेवलं होतं.

खोका अंड्यांपासून हातभर अंतरावर ठेवायचा. तो आतलं-बाहेरचं बोलणं ऐकायचा आणि त्याच आईचा आवाज हुबेहूब उचलायचा. त्याला उष्णता ओळखणारा डोळा होता. कावळा, कुत्रा, माणूस, काहीही जवळ आलं की आईला दिसायच्या आधी त्याला दिसायचं, आणि तो आईच्याच आवाजात ‘दबा’ म्हणायचा. ‘या’ म्हणायचा तो फार क्वचित. मोठी भरती चढत असली, पिल्लं पाण्याच्या वाटेत असली, तरच. खोके नव्हते तेव्हा वीस पिल्लांतली दोन कशीबशी उडायची. आता अकरा उडत होती.

“अशा अकरा किनाऱ्यांवर आपले खोके आहेत,” ताई म्हणाल्या. “दर संध्याकाळी ते दिवसभरात जे शिकले ते एकमेकांना सांगतात. एकाला अक्कल आली की सगळ्यांना येते. पण आपण केलं ते बरोबर की चूक, हे यंत्राला कोण सांगणार? त्यासाठी प्रत्येक किनाऱ्यावर एक माणूस लागतं. ‘किनारासखी’. रोज संध्याकाळी तिने फोनवर नोंदी बघायच्या आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. एवढंच.” त्यांनी किमयाकडे बोट केलं. “नाव काय गं तुझं? मला अशीच मुलगी हवी, जिला विचारायची लाज वाटत नाही.”

त्या दिवशी किमया घरी गेली ती चालत नव्हे, उडतच.

घरीही आनंदच झाला. तिचे बाबा, भूषण मोंडकर, हे खारवेळच्या रापण संघाचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग गावातली चाळीस-पन्नास माणसं दोर कमरेला लावून ओढतात. तोंड समुद्राकडे, चालणं मागे मागे. पाठीमागे काय आहे ते ओढणाऱ्यांपैकी कुणालाच दिसत नाही.

चिखले वाढायला लागले तसं बाबांनी संघाला समजावलं. रापण बहुतेक घरट्यांपासून दक्षिणेला सरकवली आणि वाटेत उरलेल्यांसाठी दोराच्या मागे एक माणूस ठेवला. नारूकाका. अडुसष्ट वर्षांचे, खांदा कामातून गेलेला, दोर ओढणं संपलेलं. हातात आंब्याची डहाळी घेऊन ते वाळू न्याहाळत फिरायचे. पिल्लू दबलेलं दिसलं की तिथे डहाळीचं पान खोचून ओरडायचे, “डावीकडे सरका रे, बाळंतीण आसा!” दबलेलं पिल्लू हलत नाही, त्यामुळे पान खोचलं की काम झालं. तीन हंगाम झाले, एकही पिल्लू पायाखाली आलं नव्हतं. त्याचा नारूकाकांना कोण अभिमान!

“आता बाप रापणीचो तांडेल आणि चेडू पाखरांची तांडेल,” आई म्हणाली. “माका कोणी तांडेल करा रे! मी नुसती भाकऱ्याच थापतंय.”

मार्च उजाडला. चौथ्या खोक्यापाशी तीन अंडी फुटली. ह्या घरट्यातल्या आईचं नाव किमयाने ‘मास्तरीण’ ठेवलं होतं. चार पावलं तुरुतुरु धावायची, गपकन थांबायची, मान वळवून सगळ्या वर्गावरून नजर फिरवायची, की पुन्हा तुरुतुरु. पिल्लं म्हणजे कापसाच्या बोंडांना काड्या टोचलेल्या. एकेकाचं वजन पाच बदामांएवढं.

रविवारी सकाळी ओवी आणि मनवा बघायला आल्या.

“दिसतच नाहीत गं,” ओवी कुरकुरली. “नुसती वाळू. ह्यासाठी मी आंघोळ करून आले?”

“दबलीयत ती. खोक्याने आपल्याला पाहिलंय.”

“मग बोलाव की! तुझ्याकडे आहे ना बटण? का ताईबाईंनी नुसताच बिल्ला दिलाय?”

बटण होतं. एखाद्या दिवशी भरतीच्या वेळी यंत्र चुकलं तर म्हणून ताईंनी सखीच्या फोनवर ठेवलेलं. किमयाने एकदा इकडे-तिकडे पाहिलं. समुद्र आपल्या कामात होता. तिने बटण दाबलं.

खोका हळूच म्हणाला, “विट्… विट्.”

आणि वाळूतून वाळूचेच तीन कण उठले आणि धावत सुटले! सरळ त्यांच्याकडे. एक ओवीच्या चपलेच्या सावलीत शिरलं, एक खोक्याला बिलगलं, आणि एक चक्क किमयाच्या अंगठ्यावर चढून बसलं. तिला त्याचे पाय जाणवलेसुद्धा नाहीत, फक्त थोडीशी ऊब जाणवली. आनंदाने ओरडू नये म्हणून तिला ओठ चावावा लागला. ओवीचा व्हिडिओ चालूच होता.

पंधरा पावलांवर मास्तरीण वाळूत लोळत होती. एक पंख फरफटत, शेपूट पसरून, कर्कश ओरडत.

“ए, तिचा पंख मोडला बघ!” मनवा म्हणाली.

“मोडलेला नाही गं,” किमयाने जाणकारासारखं सांगितलं. “नाटक असतं ते. शत्रूला पिल्लांपासून लांब न्यायचं असलं की त्या जखमी असल्याचं सोंग करतात. ओरडतेय ना, ते ‘दबा’ म्हणतेय.”

“मग पिल्लं का दबत नाहीत?”

“खोका जवळ आहे ना. त्याचा आवाज मोठा येतो.”

मनवाने जरा वेळ त्या लोळणाऱ्या पाखराकडे पाहिलं. “आणि शत्रू म्हणजे कोण? आपण?”

“गप गं, व्हिडिओत येतंय तुझं,” ओवी म्हणाली.

संध्याकाळी फोनवर नोंद आली. ‘परिस्थिती: माणसे तीन, अंतर एक मीटर. साद: या (हाताने). परिणाम: पिल्ले आली. एका तासाने: तिन्ही जिवंत. बरोबर की चूक?’

किमयाचा अंगठा ‘चूक’वर गेला. पण ‘चूक’ दाबलं की खाली एक चौकट उघडायची, ‘कारण लिहा’, आणि ते थेट ताईंकडे जायचं. काय लिहिणार? मैत्रिणींना मजा दाखवायची होती? तिने चौकट मिटवली. पिल्लं जिवंत होती ना? मग बिघडलं कुठे? तिने ‘बरोबर’ दाबलं. छोटीशी हिरवी खूण उमटली आणि ती निर्धास्त जेवायला बसली.

ओवीच्या व्हिडिओने शाळेत धुमाकूळ घातला. आठवीच्या मुली, कुडाळची मावसभावंडं, मुख्याध्यापकांची नात, ज्याला त्याला अंगठ्यावर बसणारं पिल्लू बघायचं होतं. “किमया, आमच्यासाठी एकदाच!” आणि जिला वर्षभरापूर्वी कुणी खेळायलाही घेत नव्हतं, ती ऐटीत फोन काढायची. पुढे बाकीच्या खोक्यांपाशीही अंडी फुटली, तिथेही. एकूण अकरा वेळा. अकरा हिरव्या खुणा. दरम्यान ताईंनी निरोप पाठवला, ‘तुझ्या किनाऱ्यावर ह्या महिन्यात एकही चूक नाही. शाब्बास, सखी!’ किमयाने तो एकदाच वाचला आणि आईलासुद्धा दाखवला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याजवळ आला. रापण पडली. परीक्षा संपलेली, त्यामुळे किमयाही दोराला होती, बाबांच्या मागे चौथी. चाळीस माणसं, चाळीस कमरा, एक ठेका. “हैया हो… हैया!” जाळं इतकं जड होतं की दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला. सगळे समुद्राकडे तोंड करून मागे मागे सरकत होते. किमयाचे तळवे सोलवटले होते आणि ती खिदळत होती. ह्याहून छान काही असूच शकत नाही, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात पाठीमागून ऐकू आलं. “विट्… विट्.”

मग दुसऱ्या बाजूने. मग तिसऱ्या. एका पाठोपाठ एक खोके म्हणायला लागले, विट्, विट्, विट्. चाळीस जणांत तो शब्द फक्त एकीला कळत होता.

“थांबा!” नारूकाका ओरडले. “अरे थांबा, ती धावतत! थांबा रे!”

पण भरलेलं जाळं एका हाकेत थांबत नाही. समुद्र ओढत असतो. पुढच्याने पाय रोवले तरी मागचा एक पाऊल टाकतोच, त्याच्या मागचा दोन. दबलेल्या पिल्लांपाशी पान खोचायची सवय असलेले नारूकाका डहाळी टाकून धावत्या पिल्लांमागे ओणवे पळत होते, आणि पिल्लं त्यांना चुकवून सरळ येत होती. माणसांकडे. पायांकडे. जिथून आईने बोलावलं तिकडे.

दोर थांबला तेव्हा किमयाने उजवा पाय उचलला. तिला काहीच जाणवलं नव्हतं. पाच बदामांएवढं वजन, त्यात जाणवण्यासारखं काय असणार? टाचेच्या खळग्यात ते होतं. वाळूच्याच रंगाचं, अगदी सपाट.

एकूण पाच गेली.

बाबांनी जाळं सोडून द्यायला सांगितलं. एवढा बांगडा चमकत समुद्रात परत गेला. तासाभरात नूपुरताई आल्या. त्यांनी एकेक पिल्लू कागदाच्या पुडीत घेतलं आणि पुडीवर तारीख लिहिली. खोके उलटेपालटे करून तपासले. “यंत्रात बिघाड नाही,” त्या थकून म्हणाल्या. “नोंदी तर किमया रोज बघते, त्यात काही असतं तर दिसलंच असतं. इतकी माणसं, इतका आवाज… बिथरली असतील.” त्या किमयाकडे वळल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला किती वाईट वाटत असेल, कळतंय मला.”

तो हात किमयाला निखाऱ्यासारखा लागला.

नारूकाका होडीच्या सावलीत बसले होते. ते कुणावर ओरडत नव्हते. “माझेच डोळे गेले,” एवढंच म्हणत होते. “भूषण, माकाच दिसूक नाय. आता हयसर दुसरो कोण तरी बघ.” बाबा त्यांच्याशेजारी बसून राहिले. दुपारी तालुक्याच्या किनारा समितीचा निरोप आला. सोमवारी अकरा वाजता बैठक. खारवेळची रापण मेअखेरपर्यंत बंद करण्याचा विचार आहे, तांडेलाने लेखी हमी घेऊन यावं.

संध्याकाळी फोन वाजला. ‘परिस्थिती: माणसे एक्केचाळीस, अंतर दोन मीटर. साद: या (स्वतःहून). परिणाम: पिल्ले आली. एका तासाने: पाच मृत. बरोबर की चूक?’

स्वतःहून. किमयाने तो शब्द पुन्हा वाचला. यंत्राने काहीही वेडंवाकडं केलं नव्हतं. कुणीतरी त्याला अकरा वेळा पढवलं होतं, की माणसं जवळ आली की पिल्लांना तिकडे बोलवायचं असतं. ते आज्ञाधारक होतं, पिल्लांसारखंच.

तिने ‘चूक’ दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘माहीत नाही.’ उत्तर लगेच आलं. ‘नोंद घेतली. अशा परिस्थितीत आजवर, बरोबर: ११. चूक: १. धडा कायम.’

तिने पुन्हा उघडून पाहिलं, जुन्या खुणा बदलता येतात का ते. येत नव्हत्या. एकदा दिलेलं उत्तर ताईंशिवाय कुणाला पुसता येत नव्हतं, आणि कोणतं पुसायचं हे ताईंना सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं.

रविवारी ती ओवीकडे गेली. ओवीने दार लावून घेतलं. “हे बघ, तो व्हिडिओ मी काढून टाकलाय. तूही गप्प बस. यंत्रच ते. यंत्रं बिघडतातच.”

मनवाही तिथे होती. किमया निघाली तेव्हा ती फाटकापर्यंत तिच्याबरोबर आली आणि म्हणाली, “मी तेव्हा विचारलं होतं ना, ‘शत्रू म्हणजे आपण?’ ते तेव्हाच जोरात विचारायला हवं होतं.” ह्यापेक्षा तिने एक मुस्कटात मारली असती तरी चाललं असतं.

चार वाजता सगळ्या सख्यांच्या गटावर मोरगाळच्या सखीचा निरोप आला. मोरगाळ म्हणजे किनाऱ्याने वर नव्वद किलोमीटर. किमया तिथे कधी गेलीही नव्हती. ‘आज आमच्या वाळूवर पोरांचे क्रिकेटचे सामने होते. खोके पिल्लांना पोरांकडे बोलवत होते. तीन गेली. कुणाला काही कळतंय का? आमच्याकडे असं कधीच झालं नव्हतं.’ खाली तिने रडका चेहरा टाकला होता, आणि त्याखाली दुसऱ्या एका सखीने लिहिलं होतं, ‘देवाची इच्छा.’

किमयाने फोन पालथा ठेवला. जगात कुठे काय घडतंय ह्याची तिला आता बसल्या जागी मोजदाद करता येत होती. अकरा किनारे. सुट्ट्यांचे दिवस. जिथे जिथे माणसं जमतील तिथे तिथे तिचा अंगठा पिल्लांना बोलावणार होता. ती इथे पाटावर बसून आमटी-भात खात असतानासुद्धा.

सोमवारी सकाळी आठला बाबा ओटीवर कागद घेऊन बसले. एरवी दोराच्या गाठी झपाझप मारणारे त्यांचे हात पेन धरताना अवघडले होते. आई आत भाकऱ्या थापत होती.

“‘आमच्या निष्काळजीपणामुळे’ असा लिहू काय ‘हलगर्जीपणामुळे’?” बाबांनी विचारलं. “किमया, शाळेत जातंस ना? सांग.”

किमया दारात उभी होती. तिने दोन रात्री हे वाक्य घोकलं होतं, आणि आता ते भलत्याच टोकाकडून बाहेर आलं. “बाबा, ते मी केलं.”

“काय केलंस?”

तिने सगळं सांगितलं. बटण, अंगठ्यावरचं पिल्लू, मुख्याध्यापकांची नात, अकरा हिरव्या खुणा, मोरगाळ. सांगताना ती रडली नाही, फक्त मधे मधे वाक्य थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. आतला भाकरीचा आवाज बंद झाला. आई पिठाच्या हातांनी दारात आली.

सगळ्यात आधी बोलली ती आईच. “कोणाक सांगलंस हां?”

“नाय.”

“मगे सांगू नको.” आई खाली बसली. “तुजा वय काय? तुज्या हातात असला बटण दिल्यानी कित्याक त्यांनी? यंत्र त्यांचा, चूक त्यांची. आठ दिवसांनी लोक इसारतले. पण तुजा नाव एकदा लागला की शाळेत, गावात, लगीन होयसर तां चिकटान रवतला.”

“आई, नारूकाका—”

“नारूकाकांका मी जावन सांगतंय. समजावतंय त्यांका.”

“काय सांगशील? डोळे बरे आसत तुमचे, असा? मगे ते विचारतले, तुका कसा म्हायत?”

पिठाचा हात आईने लुगड्यालाच पुसला आणि मग आपण काय केलं ते बघून आणखीनच वैतागली.

बाबा मघापासून कागदाकडे बघत होते. त्यांचा चेहरा किमयाला वाचता येईना. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तीन वर्सां,” ते अखेर म्हणाले. “तीन वर्सां मी संघाच्या पाया पडान ती रापण दक्षिणेक सरकवली. लोक हसायचे. पाखरांसाठी मासो सोडता म्हणायचे.” ते थांबले. “माजो राग गेलो नाय हां किमया. तो जावक वेळ लागतलो.”

“हो.”

“पण आई म्हणता तां खोटा नाय. तू लहान आसंस.” त्यांनी पेन उचललं. “पाय आमचेच होते ना? मगे मी सही करतंय. एक महिनो रापण बंद. मेलो नाय कोण एका महिन्यान. तू फक्त ताईंका गुपचूप सांग, खोके काय ते नीट करतीत. बाकी कोणाक कळाची गरज नाय.”

खरं सांगायचं तर तो रस्ता किमयाला केवढा गोड वाटला! ताई, त्यांची खोली, बंद दार. पिल्लं वाचतील. तिचा बिल्ला जाईल, पण कुणाला कळणार नाही. समितीसमोर बाबा मान खाली घालून उभे राहतील आणि नारूकाका मरेपर्यंत आपल्या डोळ्यांना दोष देतील. आणि हे दोघं, आई आणि बाबा, आयुष्यभर त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत, कारण ते तिच्यावर एवढं प्रेम करतात. तेच तिला सहन होईना.

ती पुढे झाली आणि बाबांच्या हाताखालचा कागद तिने हळूच ओढून घेतला.

“सही करू नको, बाबा. ताईंका मी आताच फोन करतंय. आधी खोके बंद होवंदेत, अकराय किनाऱ्यांवरचे. मगे अकरा वाजता समितीसमोर मी उभी रवतलंय. नारूकाका, संघ, मोरगाळची सखी फोनवर, सगळ्यांसमोर. कधी आणि कितीदा बटण दाबलंय, तां एकेक करून सांगतलंय. बिल्लो काढून घेतलो तर घेवंदेत. ओवीचा नाव मी घेवचंय नाय, तां बटण माज्या हातात होता.” तिने आईकडे पाहिलं. “तुमी दोघांनी माज्यावांगडा येवा, बाजूक बसा. माका भीती वाटता. पण थयसर माज्यासाठी कोणी बोलू नकात. आई, तू पण नाय.”